काळ्या मातीतला फॉस्फरस-३२ : तूर आणि ज्वारी (प्रकल्प नोंदी, खरीप २०२४)

प्रश्न एवढाच : काळ्या जमिनीतला जो फॉस्फरस ज्वारीला मिळत नाही, तो तुरीला मिळतो का? तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरतं आणि लोहाशी बांधलेला फॉस्फरस त्याने सुटतो, हे हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेतल्या कामातून १९९० साली पुढे आलं. त्या कामातून याचं महत्त्व प्रामुख्याने लाल जमिनीत दिसलं होतं. काळ्या जमिनीत फॉस्फरस बहुतांशी कॅल्शियमशी बांधलेला असतो, त्यामुळे तिथे तोच फायदा गृहीत धरता येत नाही.

पद्धत एल-मूल्याची, म्हणजे किलोभर मातीतल्या किती मिलिग्रॅम फॉस्फरसपर्यंत रोप पोचू शकतं याच्या अंदाजाची. मातीत फॉस्फरस-३२ हा किरणोत्सर्गी फॉस्फरस खूण (ट्रेसर) म्हणून मिसळायचा आणि रोपातल्या फॉस्फरसची विशिष्ट सक्रियता (दर मिलिग्रॅम फॉस्फरसमागे किती किलोबेकरेल; १ बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन) काढायची. दोन्ही पिकं एकाच साठ्यातून फॉस्फरस घेत असतील तर ती सारखी येईल. एखादं पीक ट्रेसर न पोचलेल्या साठ्यातूनही घेत असेल तर त्याची विशिष्ट सक्रियता कमी येईल आणि एल-मूल्य वाढेल. सोबत इमेजिंग प्लेटवर (ट्रेसरचा किरणोत्सर्ग टिपणाऱ्या पाटीवर) रोपांची चित्रं घ्यायची.

३ जुलै

यवतमाळकडची काळी माती सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढली. सामू ८.२. प्रत्येक कुंडीत १ किलो. कुंड्यांना तळाला भोक नाही आणि आत प्लास्टिकची पिशवी आहे, म्हणजे ट्रेसरचं पाणी खाली झिरपायला नको. भोक नसल्यामुळे पाणी मोजूनच द्यावं लागतं. या मातीच्या जलधारण क्षमतेच्या ६० टक्के ओल ठेवायची, म्हणजे किलोला ३४० मिलिलिटर, आणि रोज वजन करून तूट भरायची.

मांडणी : तुरीच्या ६, ज्वारीच्या ६, ट्रेसरसह पण रोपाविना २ कुंड्या. ट्रेसर नसलेल्या प्रत्येक पिकाच्या २. शिवाय आम्लाने धुतलेल्या, फॉस्फरसविरहित वाळूत प्रत्येक पिकाच्या ३ कुंड्या. वाळूतल्या कुंड्यांचं कारण : तुरीचं बी मोठं असतं. आमच्या वाणाच्या एका बियात ०.३६ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे, ज्वारीच्या दाण्यात ०.१०. बियातून आलेल्या फॉस्फरसला मातीतला ट्रेसर लागलेला नसतो. तो रोपात मिसळला की विशिष्ट सक्रियता खाली येते, आणि मातीतून कुठला तरी दडलेला साठा उपसला जातोय असं भासतं. हा भाग वजा केल्याशिवाय तूर आणि ज्वारी यांची तुलना करायचीच नाही.

८ जुलै

ट्रेसरविना कोरडी तालीम. ट्रेसरऐवजी खाण्याचा लाल रंग वापरला आणि नंतर हातमोजे, पिपेट, ट्रेची कड, बाटलीचं झाकण, दाराची मूठ तपासली. रंग सर्वांत जास्त कुठे लागतो तर पिपेटच्या टोक-सोडणीच्या बटणावर आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर. पुढे किरणोत्सर्गी डागही तिथेच पडणार, म्हणून तिथे दुहेरी हातमोजे आणि दर कुंडीनंतर वरचा मोजा बदलणं ठरलं.

आडोशाला १० मिलिमीटर जाडीचं ॲक्रिलिक. फॉस्फरस-३२ मधून सुटणाऱ्या बीटा कणांची (वेगवान इलेक्ट्रॉनांची) कमाल ऊर्जा १.७१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, हवेत ते सुमारे ६ मीटर जातात, पाण्यात ८ मिलिमीटर. ॲक्रिलिक त्यांना पुरतं थांबवतं. पहिला आडोसा शिशाचा कधीही लावू नये : जड अणूंवर बीटा आदळले की क्ष-किरण निघतात, म्हणजे एक त्रास अडवून दुसरा ओढवून घेणं. आधी ॲक्रिलिक, आणि गरज असेल तर त्याच्या बाहेर शिसं.

१२ जुलै

फॉस्फरस-३२ चा माल आला. खरेदीची परवानगी अणुऊर्जा नियामक परिषदेच्या ईलोरा या ऑनलाइन प्रणालीतून आधीच घेतली होती. समस्थानिक पुरवणाऱ्या वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून ऑर्थोफॉस्फेट, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात, १० जुलैच्या संदर्भाने ३७ मेगाबेकरेल. देशात हा समस्थानिक ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत गंधकावर न्यूट्रॉनचा मारा करून बनतो. गंधक-३२ मधला एक प्रोटॉन सुटतो आणि फॉस्फरस-३२ उरतो. या मार्गाने आलेल्या मालात वाहक, म्हणजे किरणोत्सर्गी नसलेला साधा फॉस्फरस जवळजवळ नसतो. ते विशिष्ट सक्रियतेसाठी उत्तम, पण हाताळायला अडचणीचं : इतक्या अल्प प्रमाणातला फॉस्फेट काचेला आणि पिपेटच्या टोकाला चिकटून बसतो आणि पहिल्या कुंडीत कमी, शेवटच्या कुंडीत जास्त असं होतं.

खोक्याच्या बाहेरून आणि आतल्या डब्यावरून वाइप टेस्ट (पुसलेला कागद मोजून डाग शोधणं), दोन्ही स्वच्छ. नंतरच झाकण उघडलं. उघड्या व्हायलच्या तोंडावर बोट, हात किंवा चेहरा येऊ द्यायचा नाही. काचेची भिंत बरेचसे बीटा अडवते, उघडं तोंड काहीच अडवत नाही. छातीवर टीएलडी बॅज, बोटात टीएलडी अंगठी, म्हणजे अंगाला लागलेली मात्रा नंतर मोजता येते.

हिशेब : अर्धायुष्य १४.२७ दिवस, म्हणजे दिवसाला ४.७ टक्के घट. दोन दिवसांनंतर गुणक ०.९०७, शिल्लक ३३.६ मेगाबेकरेल. ते एकूण ३६ मिलिलिटर केलं. त्यात वाहक म्हणून ७.९ मिलिग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे मिलिलिटरला ०.०५ मिलिग्रॅम फॉस्फरस. साठा द्रावण मिलिलिटरला ०.९३३ मेगाबेकरेल. कुंडीला १ मिलिलिटर. आजची तारीख हाच सगळ्या पुढच्या दुरुस्त्यांचा शून्य दिवस.

द्रावण सरळ काळ्या मातीत ओतलं तर पडेल तिथेच ढेकूळ होतं आणि चिकणमाती फॉस्फेट जागच्या जागी पकडते. कोरड्या मातीत फवारलं तर किरणोत्सर्गी धूळ उडते. म्हणून मधला मार्ग : १ मिलिलिटर साठा ९ मिलिलिटर पाण्यात, ते ५० ग्रॅम धुतलेल्या जाड वाळूवर (०.५ ते १ मिलिमीटर), इन्फ्रारेड दिव्याखाली वाळवून मग ती वाळू मातीच्या पिशवीत टाकायची, तोंड बांधायचं आणि पिशवी उलटसुलट करत राहायचं. जाड वाळूची धूळ होत नाही. पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि हे सगळं ॲक्रिलिकच्या मागे, ट्रेमध्ये.

कुंडी भरल्यावर वर १ सेंटिमीटर ट्रेसरविना वाळूचा थर. बीटा थांबवायला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ०.८ ग्रॅम पदार्थ पुरतो. हा थर त्याच्या दुप्पट आहे. रोज वाकून वजन करणाऱ्याला लागणारी मात्रा या एका थराने एकदम खाली येते. पाणी घालताना चिखलाचे शिंतोडेही खालच्या पानांवर उडत नाहीत, आणि चित्रांसाठी हे दुसरं कारण पहिल्याइतकंच महत्त्वाचं.

१३ जुलै

मिश्रण एकजीव झालं का? रोपाविना कुंडीतून पाच जागांहून २-२ ग्रॅम माती काढली, ४० मिलिलिटर ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये (सामू ८.५) अर्धा तास हलवून गाळली आणि मोजली. पाच नमुन्यांतला फरक ४ टक्क्यांच्या आत. पुढे जायला हरकत नाही.

मोजणी चेरेन्कोव्ह पद्धतीने. बीटा कण पाण्यात प्रकाशाच्या पाण्यातल्या वेगापेक्षा वेगाने गेला की निळसर प्रकाश पडतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनला किमान सुमारे २६३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. फॉस्फरस-३२ चे बहुतेक कण याच्या वर असतात. त्यामुळे सिंटिलेशन कॉकटेलची (बीटा आदळला की चमकणाऱ्या द्रवाची) गरज नाही : साध्या पाण्यात १० मिलिलिटर नमुना, २० मिलिलिटरची पॉलिथिनची व्हायल, लिक्विड सिंटिलेशन काउंटरची ट्रिटियमची खिडकी. स्वच्छ पाण्यात आमच्या यंत्रावर कार्यक्षमता ४३ टक्के. कॉकटेलमध्ये ती शंभराच्या जवळ जाते, पण मग तो नमुना रासायनिक विश्लेषणाला उपयोगाचा राहत नाही आणि कचराही ज्वलनशील होतो. चेरेन्कोव्हमध्ये मोजलेला नमुना जसाच्या तसा परत मिळतो. व्हायल काचेची घेऊ नये. काचेतल्या पोटॅशियम-४० मुळे बॅकग्राउंड वाढतो.

बायकार्बोनेटचा अर्क चहासारखा तपकिरी येतो (ह्युमिक पदार्थ). चेरेन्कोव्हला रासायनिक क्वेंचिंग (रसायनांमुळे प्रकाश दबणं) नसतं, पण रंग मारक ठरतो, कारण हा प्रकाश निळ्या-अतिनील भागात असतो आणि तपकिरी रंग तोच भाग शोषतो. फॉस्फरसविरहित कोळशाने रंग काढला आणि तरी प्रत्येक व्हायलमध्ये मोजणीनंतर १०० मायक्रोलिटर ज्ञात सक्रियतेचं द्रावण टाकून पुन्हा मोजणी केली. नमुन्यातच टाकलेल्या मानकाने त्या व्हायलची खरी कार्यक्षमता कळते.

१९ जुलै

सात दिवस माती ओलसर ठेवून झाली. अंकुरलेली बियाणी लावली, कुंडीला २ रोपं. युरिया आणि पोटॅश द्रावणातून. फॉस्फरस काही नाही.

२६ जुलै

मुळांच्या चित्रांसाठी स्वतंत्र पाण्यातली लागवड. मातीतल्या कुंडीची मुळं धुवून प्लेटवर ठेवली तर सुंदर चित्र येतं आणि ते खोटं असतं. काळ्या मातीचा चिकण अंश मूलरोमांत इतका घट्ट बसतो की कितीही धुतलं तरी निघत नाही, आणि त्या कणांवर चिकटलेला फॉस्फरस-३२ मुळाच्या नावावर जमा होतो. म्हणून मातीच्या कुंड्यांतून फक्त जमिनीवरचा भाग घेतला जाईल.

पाण्यातली रोपं १० दिवसांची, शेवटचा एक दिवस फॉस्फरसविना. ५०० मिलिलिटर द्रावणात १ मिलिलिटर साठा. चौदा दिवस झाल्यामुळे तो आता ०.४७ मेगाबेकरेल. एक गोष्ट हिशेबात धरावी लागते : त्या १ मिलिलिटरसोबत ०.०५ मिलिग्रॅम वाहक फॉस्फरस आला, म्हणजे ५०० मिलिलिटरमध्ये ३.२ मायक्रोमोलर. हवे होते १० मायक्रोमोलर, म्हणून ६.८ वरून टाकले. वाहक विसरला तर शोषणाचा दर तिसऱ्या हिश्शाने चुकतो.

४ तास शोषण. मग १ मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट आणि ०.५ मिलिमोलर कॅल्शियम सल्फेटच्या बर्फगार द्रावणात १० मिनिटं मुळं बुडवली. पेशीभित्तिकेत नुसता अडकलेला ट्रेसर या द्रावणातल्या साध्या फॉस्फेटशी अदलाबदल होऊन निघून जातो, आत गेलेला राहतो. कॅल्शियम नसेल तर पेशीपटल गळकं होतं आणि आतलाही बाहेर येतो. टीपकागदाने टिपून लगेच गोठवली.

२७ जुलै

मुळांची पहिली चित्रं. टोकं गडद, टोकामागचा मूलरोमांचा पट्टा गडद, जुनं मूळ फिकट आणि त्यावर नव्या उपमुळांच्या जागी ठिपके. हे अपेक्षितच. ज्वारीची तंतुमुळं मात्र एकमेकांवर पडलेली होती आणि जिथे तीन मुळं एकत्र तिथे गडद गाठ दिसते. ती शोषणाची जागा समजू नये. पुढच्या वेळी मुळं पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये पसरून, खालून कागद सरकवून उचलायची.

२३ ऑगस्ट

कापणी. लावणीपासून ३५ दिवस, ट्रेसरपासून ४२. क्षय गुणक ०.१३०, कुंडीतले ९३३ किलोबेकरेल आज १२१ उरलेत.

वाळूच्या थरावर १ सेंटिमीटरवर कापलं. प्रत्येक पिकाच्या दोन कुंड्यांमधली रोपं चित्रासाठी, चार कुंड्यांमधली सरळ मोजणीसाठी. चित्राची रोपं कापल्यापासून अर्ध्या मिनिटात शून्याखाली गार केलेल्या दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये दाबली. रोप मरतानाही फॉस्फेट हलत असतो. सावकाश वाळवलेल्या पानात रस कडांकडे सरकतो आणि कोरड्या पानाच्या कडा गडद दिसतात. ती वाळण्याची खूण असते, वनस्पतीची नव्हे. गोठवून, निर्वातात गोठलेल्या स्थितीतच वाळवलेल्या पानात कडा सपाट येतात.

मोजणीची रोपं ६५ अंशांवर वाळवायला ठेवली.

२५ ऑगस्ट

इमेजिंग प्लेटची तयारी. प्लेटवर युरोपियमयुक्त बेरियम फ्लोरोब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. बीटाची ऊर्जा त्यांत अडकून राहते. लाल लेझर फिरला की ती निळ्या प्रकाशाच्या रूपाने सुटते आणि फोटोमल्टिप्लायर तो मोजतो. क्ष-किरण फिल्मपेक्षा फायदा दुहेरी : वेळ कमी लागतो, आणि सक्रियता व संकेत यांचं नातं चार-पाच दशकपटींपर्यंत सरळ राहतं. फिल्मवर फिकट भाग हवा तेवढा उठत नाही आणि गडद भाग लवकर भरून जातो.

प्लेट वापराच्या ठीक आधी पुसायची, पांढऱ्या तेजस्वी प्रकाशात २० मिनिटं. कपाटात पडून राहिलेल्या प्लेटवर वैश्विक किरणांचा आणि भिंतींचा बॅकग्राउंड जमा होत असतो. मागे फॉस्फरस-३२ चा तीव्र ठिपका पडलेली प्लेट एकदा पुसून भागत नाही. कोरी स्कॅन करून बघितली, जुन्या मुळाची पुसट छाया होती, पुन्हा पुसली.

रोपं जाड कागदावर चिकटवली. तुरीचं आणि ज्वारीचं खोड उभं चिरून उघडलं, नाहीतर खोड जिथे उंचावतं तिथे शेजारचं पान प्लेटपासून सुटतं आणि धूसर येतं. वर ६ मायक्रॉनची पॉलिस्टर फिल्म. ओल राहिली तर स्फटिक कायमचे बिघडतात आणि तो डाग पुढच्या प्रत्येक चित्रात येतो; म्हणून रोप कुरकुरीत झाल्याशिवाय प्लेटला भिडवायचं नाही. कॅसेट दुसऱ्या खोलीत, कुंड्यांपासून लांब.

रोपं दोनदा प्लेटला भिडवली : आधी २ तास, मग १६ तास. तासांचं गणित पोंग्याने (ज्वारीच्या शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीने) ठरवलं. १६ तासांत ज्वारीचा पोंगा भरून गेला तर २ तासांचं चित्र त्यासाठी. जुनी पानं १६ तासांतच दिसतात.

२६ ऑगस्ट

स्कॅन, १०० मायक्रॉन पिक्सेल. यंत्र ५० देतं, पण फॉस्फरस-३२ चा बीटा प्लेटमध्येच तिरपा इतका लांब जातो की रेषेच्या कडा कितीतरी पिक्सेलभर पसरतात. ५० घेतलं तर फाइल चौपट होते, तपशील तेवढाच राहतो. बारीक शिरा हव्या असतील तर फॉस्फरस-३३ घ्यावा : कमाल ऊर्जा ०.२५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, अर्धायुष्य २५.३ दिवस, चित्र पुष्कळ तीक्ष्ण.

कॅसेट उघडल्यापासून स्कॅन सुरू होईपर्यंत प्रत्येक प्लेटला तंतोतंत १० मिनिटं दिली, मंद प्रकाशात. प्लेटमधला संकेत आपोआप ओसरत जातो आणि पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने. एक प्लेट लगेच आणि दुसरी जेवून आल्यावर वाचली तर त्यांची तुलना होऊ शकत नाही.

चित्र : ज्वारीचा पोंगा सर्वांत गडद, खालची पानं फिकट. तुरीत शेंडा आणि पेरं गडद. फॉस्फरस झाडात फिरता असतो, जुन्या पानांतून निघून वाढत्या भागाकडे जातो, त्याच्याशी हे जुळतं. पण पोंगा किती गडद? प्लेटवर खालच्या पानाच्या पाचपट. हा आकडा असाच लिहायचा नाही. पोंगा म्हणजे एकात एक गुंडाळलेली पानं. प्लेट एका चौरस मिलिमीटरवरच्या सगळ्या थरांची बेरीज दाखवते. किती फॉस्फरस आहे आणि किती वस्तुमान आहे हे दोन्ही एकाच काळेपणात मिसळलेलं असतं.

२७ ऑगस्ट

मोजणीच्या रोपांची राख झाली होती : मफल भट्टीत ५०० अंश, ४ तास. राख ५ मिलिलिटर २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात घेऊन अर्धा तास उकळली. हे उकळणं टाळू नये. भट्टीत फॉस्फेटचा काही भाग पायरोफॉस्फेट होतो. मॉलिब्डेनम निळ्या रंगाच्या परीक्षेत तो दिसतच नाही, काउंटरला मात्र दिसतो. उकळून तो परत ऑर्थोफॉस्फेट केला नाही तर रासायनिक फॉस्फरस कमी येतो, विशिष्ट सक्रियता फुगते आणि एल-मूल्य पडतं. ज्वारीच्या राखेत सिलिका भरपूर असते, ती विरघळत नाही. गाळणकागद गरम विरल आम्लाने तीनदा धुतला आणि गाळ सर्व्हे मीटरखाली धरून रिकामा असल्याची खात्री केली. एकूण २५ मिलिलिटर.

त्यातले २ मिलिलिटर अधिक ८ मिलिलिटर पाणी, चेरेन्कोव्ह. राखेच्या द्रावणाला लोहाची पिवळी झाक असते. पाचपट पातळ केल्यावर ती नजरेला दिसत नाही, पण अंतर्गत मानकाने एकदा तपासलीच. कार्यक्षमता ४३ टक्केच.

ज्वारीच्या एका कुंडीचा हिशेब पूर्ण देतो.

निव्वळ काउंट मिनिटाला २०,६००. भागिले ०.४३ म्हणजे ४७,९०० विघटनं. २५ भागिले २, म्हणजे १२.५ ने गुणून ५,९९,००० विघटनं मिनिटाला, अर्थात ९.९८ किलोबेकरेल. १२ जुलैपासून ४६ दिवस, गुणक ०.१०७, शून्य दिवसाला ९३.२ किलोबेकरेल. राखेच्या द्रावणातला फॉस्फरस (ॲस्कॉर्बिक आम्ल, मॉलिब्डेनम निळा, ८८० नॅनोमीटर) ३.१ मिलिग्रॅम. वाळूतल्या ज्वारीच्या जमिनीवरच्या भागात, दोन रोपं मिळून, ०.१ मिलिग्रॅम, तो बियाचा. उरले ३.०. एल-मूल्य = ९३३ गुणिले ३.० भागिले ९३.२ = किलो मातीला ३० मिलिग्रॅम. टाकलेला वाहक ०.०५ मिलिग्रॅम, तो वजा करूनही फरक पडत नाही.

बॅकग्राउंडसाठी साधं पाणी न वापरता ट्रेसर नसलेल्या कुंडीतल्या रोपांची राख वापरली. नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० चे सुमारे ३१ बेकरेल असतात आणि त्याचे बीटाही १.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जातात, म्हणजे तेही चेरेन्कोव्ह प्रकाश देतात. आज २०,००० काउंटसमोर ते नगण्य. महिनाभराने क्षीण नमुने मोजताना नगण्य राहणार नाहीत.

२८ ऑगस्ट

तुरीचे आकडे. एका कुंडीत जमिनीवरच्या भागात २.४ मिलिग्रॅम फॉस्फरस, शून्य दिवसाला ५८.७ किलोबेकरेल. बियाचा भाग न काढता एल-मूल्य ३८ येतं. ज्वारीच्या ३० समोर ३८ : आठ मिलिग्रॅमचा दडलेला साठा तुरीने उघडला, असा निष्कर्ष इथे अगदी सहज निघाला असता, पिसिडिक आम्लाचा दाखलाही तयार आहे.

वाळूतल्या तुरीच्या दोन रोपांत, जमिनीवर, ०.४५ मिलिग्रॅम फॉस्फरस सापडला. दोन बियांतल्या ०.७२ पैकी बाकीचा मुळांत आणि मातीखालच्या बीजदलांच्या अवशेषांत. तुरीची बीजदलं जमिनीखालीच राहतात, कापणीत येत नाहीत, म्हणून बियाचा अख्खा ०.७२ वजा करणंही चूक ठरलं असतं. २.४ वजा ०.४५ म्हणजे १.९५, एल-मूल्य ३१.

म्हणजे या काळ्या मातीत, पाच आठवड्यांच्या वयापर्यंत, तूर आणि ज्वारी एकाच साठ्यातून जेवताहेत. ३० आणि ३१ मधल्या फरकापेक्षा उरलेल्या कुंड्यांतला आपसातला फरकच मोठा आहे. अजून एक मर्यादा नोंदवून ठेवणं आवश्यक : वाळूतलं उपाशी रोप बियातला फॉस्फरस वर आणि खाली ज्या प्रमाणात वाटतं, त्याच प्रमाणात मातीतलं रोप वाटेल असं नाही. ०.४५ ऐवजी ०.३५ धरलं तर एल-मूल्य ३२.६ होतं. निष्कर्ष तरीही तोच.

२९ ऑगस्ट

आता चित्राला आकडा द्यायचा. गाळणकागदावर ठिपके टाकून मानक पट्टी करणं सोपं असतं, पण कागदाची जाडी आणि पानाची जाडी वेगळी, ठिपका कडेला दाटतो, आणि ती पट्टी पानाबद्दल फारसं सांगत नाही. म्हणून पानालाच पानाचं मानक केलं.

चित्र झालेल्या रोपांतून ६ मिलिमीटरच्या चकत्या छिद्रयंत्राने काढल्या : पोंगा, मधलं पान, खालचं पान, तुरीची पर्णिका, पेर. प्रत्येक वजन केली. कार्डावर एकमेकींपासून २५ मिलिमीटरवर चिकटवून पुन्हा १६ तास प्लेटवर. सुटी चकती आणि पानात असतानाची तीच जागा यांच्या संकेतातला फरक म्हणजे शेजाऱ्यांकडून आलेला बीटा. पोंग्यालगतच्या फिकट पानावर हा उसना संकेत लक्षणीय निघाला. पोंग्यापासून दूरच्या पात्यावर जवळपास शून्य. सुट्या चकतीसाठी मोजणीचं वर्तुळ १२ मिलिमीटरचं घेतलं, कारण तिचाही काही संकेत कडेबाहेर सांडतो.

मग चकत्या २ मिलिलिटर नायट्रिक आम्लात विरघळवल्या, तपकिरी धूर पूर्ण जाऊ दिला (उरला तर द्रावण पिवळं राहतं), थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, १० मिलिलिटर, प्रत्येकी २० मिनिटं चेरेन्कोव्ह. एका चकतीत ५ ते २० बेकरेल असतात. मिनिटाला शे-पाचशे काउंट, वीस मिनिटांत सांख्यिकी अनिश्चितता सुमारे दोन टक्के किंवा त्याहून कमी.

संकेत विरुद्ध बेकरेल हा आलेख शून्यातून जाणारी सरळ रेषा आहे. अपवाद एकच, पेर : रेषेच्या खाली. वाळलेलं पेर जाड आहे, आतल्या बाजूचे बीटा प्लेटपर्यंत पोचण्याआधी शोषले जातात. पानांना एक गुणांक, खोडाला दुसरा. आणि पोंग्याचं पाचपट? बेकरेल भागिले मिलिग्रॅम केल्यावर ते जेमतेम दुप्पट उरलं. अहवालातल्या चित्राखाली हाच आकडा जाईल, आणि रंगपट्टीवर 'प्रति चौरस मिलिमीटर' असं स्पष्ट लिहिलं जाईल.

२४ सप्टेंबर

२८ दिवसांनी २७ ऑगस्टच्या व्हायली पुन्हा मोजल्या. अपेक्षित गुणक ०.२५७. वर हिशेब दिलेल्या ज्वारीच्या व्हायलची अपेक्षा ५,२९०, मिळाले ५,३०२. दहा मिनिटांच्या मोजणीच्या अनिश्चिततेत बसतं. मोजत होतो तो फॉस्फरस-३२ च होता.

ही तपासणी एका बाबतीत आंधळी आहे, तेही नोंदवतो. गंधकातून बनलेल्या मालात फॉस्फरस-३३ चा अंश असू शकतो, कारण नैसर्गिक गंधकात थोडा गंधक-३३ असतो. फॉस्फरस-३३ चे बीटा चेरेन्कोव्हच्या उंबरठ्याखाली, त्यामुळे काउंटरला तो कधीच दिसणार नाही. इमेजिंग प्लेटला मात्र दिसतो. म्हणून चकत्यांसोबत न विरघळवता ठेवलेल्या पाच चकत्या आज पुन्हा १६ तास प्लेटवर ठेवल्या. प्लेटवरची घट चेरेन्कोव्हइतकीच निघाली तर फॉस्फरस-३३ चा प्रश्न मिटला. हळू निघाली तर ऑगस्टच्या गुणांकात दुरुस्ती.

२५ सप्टेंबर

घट सारखीच. गुणांक तसाच राहील.

२ डिसेंबर

१२ जुलैपासून १४३ दिवस, दहा अर्धायुष्यं, १,०२४ वा हिस्सा. कुंडीतल्या ९३३ किलोबेकरेलचे ०.९ उरले. दहा अर्धायुष्यं झाली म्हणून किरणोत्सर्गी कचऱ्याचा ड्रम आपोआप मोकळा होत नाही. किती शिल्लक आहे ते मोजून, परवान्यातल्या मर्यादेशी ताडून आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या सहीनेच तो निघतो. सर्व्हे मीटर मातीवर धरून उपयोग नाही, कारण मातीतून वरच्या काही मिलिमीटरचाच बीटा बाहेर येतो. प्रत्येक पिशवीतून २ ग्रॅम माती काढून ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली. हा अर्क लोहाने गर्द पिवळा येतो आणि चेरेन्कोव्हची कार्यक्षमता निम्म्याखाली जाते, म्हणून १० मिलिलिटरऐवजी ०.५ मिलिलिटर अर्क घेऊन पातळ केला आणि तासभर मोजला. बॅकग्राउंडला ट्रेसर नसलेल्या कुंडीची माती, त्याच पद्धतीने उकळलेली.

राखेची द्रावणं, चकत्यांची द्रावणं आणि टीपकागद वेगळ्या डब्यात. ड्रमवरच्या किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेल्या जुन्या पिवळ्या पट्ट्या पूर्ण खरवडून काढल्या. चिन्ह तसंच ठेवून रिकामा ड्रम बाहेर गेला तर तो कुणी घेत नाही आणि चौकशी मात्र लागते.

पुढच्या खरिपासाठी : रत्नागिरीकडची जांभी माती, तिथे लोहाशी बांधलेला फॉस्फरस मुख्य आहे. कुंडीला ०.४५ मेगाबेकरेल पुरेल. जांभी माती फॉस्फेट अधिक वेगाने पकडते, म्हणून समतोलासाठी सातऐवजी चौदा दिवस, आणि वाळूतल्या कुंड्या तीनऐवजी सहा.